थोडक्यात बोला

चाळीस वर्षं मराठी शाळेत पोरांच्या निबंधातलं पाल्हाळ कापत आलो. जित्याची खोड, मेल्याशिवाय कुठली जायला!

शहरात कुठं राहणं किती सुसह्य आहे, याची पाहणी निघाली. लोकांनी फोनवर मराठीत नाहीतर कन्नडात बोलायचं आणि मशिननं ते ऐकून गुण द्यायचे. ज्या गल्लीला गुण कमी, तिथलं गटार आधी नवं होणार. एका आवाजाला एकच संधी, आणि बोलणं थांबलं की नोंद संपली. जुन्या हुबळीतल्या आमच्या गल्लीत घरोघर फिरून मी सगळ्यांना शिकवलं, "थोडक्यात बोला. मशिनला मुद्दा हवा, पुराण नको."

गल्लीनं मास्तरांचं ऐकलं. शांताक्का बोलल्या, "पाणी आलं." गणपतअण्णा तेच कन्नडात बोलले, "नीर बंतु." मी बोललो, "आमच्याकडं नेहमी पाणी येतं." नळाला पाणी आलं की आम्ही 'नळ आला' म्हणतो. 'पाणी आलं' म्हणजे गटार उंबरा ओलांडून घरात आलं, हे इथं शेंबडं पोरही जाणतं.

माझी बायको शकुंतला खुब्याचं हाड मोडल्यापासून खाटेवर आहे. घराला माडी नाही. खाटेखाली चार विटा लावल्यात. मागच्या वेळी पाणी गादीपासून बोटभर खाली थांबलं.

काल यादी लागली. आज दुपारी कोप्पीकर रोडवरच्या कार्यालयात गेलो. तिथली कारकून सोनाली म्हणाली, "सर, पाण्यात तुमची गल्ली पहिली आली की हो. सगळ्यांनी पाणी येतंय म्हणून सांगितलंय."

मी समजावलं, चिडलो, शेवटी हात जोडले. माझ्या नातीच्या वयाची पोर ती, पण लाज वाटायची वेळ निघून गेली होती.

"मला कळतंय री सर, पण मशिनमधलं मला बदलता येत नाही. घरात अजून कोण बोलायचं राहिलंय काय? आज पाचच्या आत तक्रार आली तर पुन्हा तपासतात."

शकुंतला राहिली होती. तिला कशाला त्रास, म्हणून दोघांच्या वतीनं मी एकटाच बोललो होतो.

रिक्षा निम्म्या वाटेवर असतानाच पाऊस कोसळायला लागला. घरी पोचलो तेव्हा पाचला दहा कमी होती. खाटेशी बसून मी तिच्याकडून घोकून घेतलं, "गटाराचं घाण पाणी घरात शिरतं." तिनं दोनदा बिनचूक म्हटलं. मी बटण दाबून फोन तिच्या तोंडाशी धरला.

तिची नजर माझ्या मागं, दाराकडं गेली.

"अहो," ती म्हणाली, "पाणी आलं."

आणि भीतीनं गप्प झाली. फोन गोड आवाजात बोलला, "धन्यवाद. आपलं मत नोंदवलं आहे."

माझे पाय घोट्यापर्यंत भिजले होते. तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं.

"चुकलं का हो माझं?"

"नाही," मी म्हणालो. "छान सांगितलंस. थोडक्यात."