घासलेल्या तोंडाची पक्कड

मी पक्कड बोलतेय. वीतभर लांब, लोखंडाची, सरकारी. मालडब्याच्या दाराला तार ओवायची, तिच्यावरचा शिशाचा मणी माझ्या तोंडात दाबायचा, की त्यावर पोर्तुगालचं चिन्ह उमटे. त्या सीलशिवाय डबा सरहद्द ओलांडत नसे. माझा मालक आदेलिनो, जकातनाक्यावरचा कारकून. माणूस भिडस्त, पण मला रोज पुसायचा.

तेव्हा महायुद्ध चाललं होतं आणि आम्ही तटस्थ. तटस्थ म्हणजे काय, तर दोन्ही दगडांवर पाय. आमच्या डोंगरातला वुल्फ्राम नावाचा काळा दगड जर्मनही नेत आणि इंग्रजही, त्याने तोफांचं पोलाद कडक होई. इंग्रजांनी तिकडे लिस्बनमध्ये तगादा लावला होता, जर्मनांशी हा व्यापार थांबवा, नाहीतर तुमची जहाजं अडवू.

जूनमधल्या एका दुपारी बारा वाजता सरकारची तार आली. आजपासून वुल्फ्राम देशाबाहेर जाणार नाही. फलाटावर भरलेला एक डबा सीलची वाट पाहत होता, गाडी तीनची होती.

"तार मी अजून वाचलेली नाही," स्टेशनमास्तर बाल्ताझार म्हणाले. "वहीत सकाळची वेळ घाल आणि सील दाब."

आदेलिनोची धाकटी बहीण एर्मेलिंदा तिथेच उभी होती. डब्यातला दगड तिच्या गावच्या खाणीतला.

"दादा, हिवाळाभर ओढ्यात उभं राहून धुतलाय तो. हा डबा गेला नाही तर खाण बंद. मग पोरांना काय, दगड वाढू?"

"त्याच्या तोफा होतात गं."

"आणि इंग्रज नेतात त्याची काय भांडी होतात?"

आदेलिनो माझे दांडे नुसतेच उघडत-मिटत राहिला.

"तुला जमत नसेल तर पक्कड इकडे आण," बाल्ताझार म्हणाले. "मी दाबतो."

"अडकतेय ती. तेल घालून आणतो."

तो मला अवजारांच्या खोलीत घेऊन गेला. कडी लावली, मला शेगड्याच्या लोखंडी जबड्यात आवळलं आणि कानस उचलली. फार दुखलं, खोटं कशाला बोलू. बाहेरून बाल्ताझार दार ठोठावत होते, गाडी शिट्टी देत होती. दार उघडलं तेव्हा माझ्या तोंडातलं चिन्ह सपाट झालं होतं. डबा तिथेच राहिला.

सरकारी वस्तूची नासधूस केली म्हणून आदेलिनोची नोकरी गेली. खाणही बंद पडली. एर्मेलिंदा लिस्बनला लोकांच्या घरी धुणीभांडी करायला गेली आणि नऊ वर्षं भावाशी बोलली नाही.

मलाही भंगार म्हणून त्याच्याबरोबरच काढलं; आता मी त्याच्या स्वयंपाकघरात अक्रोड फोडते. परवा ती आली. मला उचलून माझ्या तोंडावरून अंगठा फिरवत राहिली.

"किती वेळ लागला घासायला?"

"अर्धा तास."

"अर्ध्या तासात एकदाही माझी आठवण नाही आली?"

"तुझीच येत होती," तो म्हणाला. "म्हणून तर हात थांबवला नाही. थांबलो असतो, तर तुझ्यासाठी सील मारलं असतं."

मला खाली ठेवून ती उठून गेली नाही. तुम्ही कुणाला तटस्थ म्हणाल, तेव्हा त्याची या दोघांना काय किंमत पडली ते एकदा बघा, एवढंच माझं मागणं आहे.