सात नंबरची ओळ

गेली सहा वर्षं मी कॉलेजाकॉलेजांतून फिरतो आणि प्राध्यापकांना डेटा सायन्सची पदवी सुरू करून देतो. अभ्यासक्रम आखायचा, शिकवणाऱ्यांना शिकवायचं, अहवाल द्यायचा, बॅग उचलायची. आठवडाभर डोकं खाऊन निघून जाणाऱ्या माणसाला कोण आग्रहानं चहाला थांबवणार?

या कॉलेजात नव्या पदवीचा प्रमुख कोण, तेही माझ्या अहवालावरच ठरणार होतं. संख्याशास्त्राच्या बाई महिनाअखेर निवृत्त होत होत्या. प्रमुख झाल्या तर दोन वर्षं वाढून मिळणार होती. पण कॉम्प्युटरसमोर त्यांनी माझ्या नाकी नऊ आणले होते. एक कंस बंद करायला विसरायच्या आणि चूक शोधत अर्धा दिवस घालवायच्या. मी कॉम्प्युटरच्या तरुण सरांचं नाव लिहूनही टाकलं होतं. सही तेवढी बाकी होती.

शेवटच्या दिवशी सरावासाठी मी सगळ्या प्राध्यापकांना त्यांच्याच स्टाफरूमच्या दाराच्या नोंदी दिल्या. कोण किती वाजता कार्ड लावून आत गेलं, कधी बाहेर पडलं. नावं काढून नुसते नंबर ठेवले होते. नाव काढलं की माणूस ओळखू येत नाही, हे मीच सकाळी छातीठोकपणे सांगितलं होतं.

"हा सात नंबर बघा!" तरुण सर हसले. "सकाळी आठ ते रात्री आठ. रविवारीसुद्धा! वॉचमन असणार."

"नाहीतर बायकोनं घराबाहेर काढलेला," मागून कुणीतरी म्हणालं. खसखस पिकली. मीही हसलो.

"सगळी सरासरी बिघडवतोय लेकाचा. उडवून टाकतो."

"थांबा," बाई म्हणाल्या. "उडवण्याआधी विचारायचं असतं, की बाबा, तू असा का?" मग त्या उभ्या राहिल्या. "सात नंबर मी आहे. हे गेल्यापासून घरात बोलायला कुणी नाही. इथे निदान कुणीतरी कपाटाची चावी मागायला येतं."

सरांनी कीबोर्डवरचा हात मागे घेतला. मला माझ्या हसण्याची लाज वाटली. आठवडाभर मी जे शिकवायला हवं होतं, ते बाईंनी एका वाक्यात शिकवलं होतं. कंस काय, कुणालाही बंद करता येतो.

जेवणाच्या सुट्टीत मी सरांचं नाव खोडून बाईंचं लिहिलं. अहवालाच्या तळाशी एक रकाना असतो, सल्लागाराच्या पुढील भेटींचा. तिथे मी आजवर 'गरज नाही' असंच लिहीत आलोय. या वेळी 'दर महिन्याला' लिहिलं. खरं तर कॉलेजला माझी काही गरज नव्हती. माझ्या घराचं दार महिन्यातून चारदा उघडतं, आणि तेही मीच उघडतो.

बाईंनी अहवाल वाचला. स्वतःच्या नावावरून त्यांचं बोट पुढे सरकलं. शेवटच्या रकान्यावर मात्र ते थांबलं.

"रविवारी आलात तरी चालेल," त्या म्हणाल्या. "मी असतेच."