शर्फियाचा कागद

शनिवारी सहा वाजेपर्यंत कागद पोचला नाही, तर मन्नूबियाच्या वडिलांची समुद्रातली जागा लिलावात जाणार होती. ट्युनिशियातल्या केर्केना बेटांभोवतीच्या उथळ पाण्यात खजुराच्या झावळ्या रोवून मासे धरायची ती जागा म्हणजे शर्फिया. शेताचा असतो तसा तिचाही मालकीचा कागद असतो. त्या वर्षी मच्छीमार मंडळाने ते कागद पहिल्यांदाच इंटरनेटवरून मागवले होते. इंटरनेटवरचा तो अर्ज मंडळासाठी बनवला होता मन्नूबियाच्या भाचीने, दोर्साफने. मन्नूबियाने बुधवारीच नेटच्या दुकानात जाऊन कागदाचा फोटो जोडला, अर्ज पाठवला, पडद्यावर ‘मिळाला’ असं आलं आणि ती निर्धास्त झाली.

शुक्रवारी दोर्साफ पडेल चेहऱ्याने आली. एकतीस घरांचे अर्ज पोचले होते, पण कागद एकाचाही नव्हता. त्या जागी नुसतं फोटोच्या फाइलचं नाव.

मन्नूबियाने तीस वर्षं बेटावरच्या रम्ला गावच्या टपाल कचेरीत पार्सलं घेतली होती. तिला हे पटेना. मग दोर्साफने समजावलं. अर्ज निघण्याआधी सगळी उत्तरं एका ओळीत ओवली जातात. मोकळ्या जागेचं अधिक चिन्ह होतं, अरबी अक्षरांची टक्क्याची चिन्हं आणि आकडे होतात, पलीकडे ते पुन्हा उलगडतात. फोटो त्या ओळीत मावत नाही. त्यासाठी प्रत्येक उत्तराचं वेगळं गाठोडं बांधायला अर्जाला सांगावं लागतं, आणि दोन गाठोड्यांमध्ये अशी खूण ठेवायची, जी आतल्या मालात कुठेच नसेल. तेच सांगायचं ती विसरली होती.

"म्हणजे चिठ्ठी गेली आणि पार्सल घरीच," मन्नूबिया म्हणाली.

"हो, मावशी. आता दुरुस्त केलंय. तुझा कागद लगेच पाठवू. बाकीच्यांना सांगते, लाइन बिघडली होती."

मन्नूबियाला आपली एक जुनी चूक आठवली. नोकरीच्या पहिल्या वर्षी तिच्या हातून कुणाच्या लग्नाचं पार्सल भलत्याच थैलीत गेलं होतं. तिने दोष स्फाक्स बंदराहून येणाऱ्या बोटीवर ढकलला. बोटीवरच्या हमालाने मुकाट्याने बोलणी खाल्ली आणि पुढे अठरा वर्षं तिला सलाम केला नाही.

"लाइन नको," ती म्हणाली. "‘माझं चुकलं’ म्हण. हसतील, हसू देत. आणि माझा कागद सगळ्यांत शेवटी."

दोघी दारोदार फिरल्या. म्हातारा बशीर जाळं विणता विणता म्हणाला, "आम्ही मासे आणतो, ही नुसती त्यांची नावं आणते." दोर्साफचे कान लाल झाले. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी तोच कागद घेऊन दारात उभा होता.

सहाला पाच मिनिटं कमी असताना मन्नूबियाचा कागद निघाला. दोर्साफ मंडळाच्या कचेरीत बसली होती. मन्नूबियाने दुकानातून फोन लावला.

"आला का गं?"

"उघडतोय, मावशी. वरून खाली, सावकाश. मोहोर दिसली. आता आजोबांचा अंगठा."

 मागे रांगेत कुणीतरी फोन हवा म्हणून खाकरत होतं. मन्नूबियाने रिसिव्हर कानाशी तसाच धरून ठेवला.