घराआधीची दाद

मृणालिनीच्या तोंडी दिवसातून एकदा तरी ‘देवव्रत म्हणतात’ यायचंच. आमटीत गूळ घालताना यायचं, कपडे वाळत घालताना यायचं. रामनाथ पेपर तोंडापुढे धरून बसायचे आणि त्यामागे त्यांचा जबडा आवळायचा.

हे देवव्रत विक्रोळीच्या कंपनीतून निवृत्त होऊन वर्षापूर्वी मुलुंडला राहायला आले. खर्जातला आवाज, पेटीवर सहज फिरणारी बोटं. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये शनिवारी दुपारी श्रवण मंडळ जमायचं, तिथे ते आले आणि दोन बैठकांत मंडळ त्यांचं झालं. त्याआधी मृणालिनी शंका विचारायची ती नवऱ्याला. आता तिची मान दुसरीकडे वळायची.

रामनाथांना ना गळा, ना हात. विमा कचेरीतली नोकरी सांभाळून त्यांनी संगीत नुसतं वाचलं होतं, आणि तेवढं सांगायचीही त्यांना लाज वाटे. पण पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या सिंफनीच्या वाटेला देवव्रत गेले नसतील, असा त्यांनी हिशेब बांधला. अडीचशे वर्षांपूर्वीच्या, आता कुणाच्या फारशा लक्षात नसलेल्या एका दरबारी संगीतकाराच्या सिंफनीचा पहिला भाग त्यांनी उलगडून दाखवायला घेतला आणि दोन महिने दार लोटून ऐकला.

निवडीमागची नियत मात्र साफ नव्हती. त्या भागात मध्यावर पहिली धून ऐटीत परत येते, पण चुकीच्या सुरावर. खरं परतणं अजून लांब असतं. मंडळात समेवर हात उचलून दाद द्यायची रीत होती, आणि देवव्रतांचा हात सगळ्यांच्या आधी वर जायचा. तो त्या खोट्या जागी वर जावा आणि मृणालिनीनं तो पाहावा, एवढंच रामनाथांना हवं होतं.

शनिवारी ते उभे राहिले आणि टेबलाकडे बघत बोलू लागले.

“गोष्ट साधी आहे. पहिली धून घरची. दुसरी शेजारच्या घरची, म्हणजे आपला पंचम तिथला सा होतो. मग भटकंती, आणि शेवटी घरी परत. घर आलं असं वाटलं की आपल्या रिवाजाप्रमाणे दाद द्यावी.”

फसवणुकीबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत.

त्यांनी प्लेअरचं बटण दाबलं आणि व्हायोलिनं सुरू झाली. दोन्ही धुना झाल्या आणि पुन्हा तेच सगळं पहिल्यापासून वाजू लागलं.

“अडकलं वाटतं रे तुझं मशीन!” मंडळातले सगळ्यात वयस्कर अण्णा ओरडले.

“नाही अण्णा, दोनदा वाजवतात. ओळख पटावी म्हणून.”

“आमची पटली रे. पुढे घे!”

हशा पिकला. मग भटकंती सुरू झाली. तानपुरा नाही, त्यामुळे मूळचा सा कानातून निसटत चालला. रामनाथांची नजर देवव्रतांच्या उजव्या हातावर खिळली. आणि ती फसवी धून आली.

हात उठला, पण मृणालिनीचा.

“आलं! घर आलं!” ती खुर्चीतून अर्धी उठली होती. चेहरा असा फुललेला, की रामनाथांची नजर देवव्रतांच्या हातावरून सुटली. लोटलेल्या दारापलीकडे दोन महिने कोण ऐकत होतं, ते त्यांना आत्ता कळलं.

देवव्रत ओठांतल्या ओठांत मूळचा सा धरून बसले होते. ते हसून हळूच म्हणाले, “वहिनी, जरा घाई झाली. सा सरकलाय.”

दोघे-तिघे हसले. मृणालिनी हात खाली घेऊन पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळू लागली.

रामनाथांनी संगीत थांबवलं. बैठकीत मध्येच थांबवणं हे पाप, पण थांबवलं.

“घाई नाही झाली,” ते म्हणाले. आवाज चढला होता. “संगीतकारानं मुद्दाम फसवलंय. आणि ज्याच्या मनात पहिली धून भरलीय तोच इथे फसतो. जे नुसता सा धरून बसलेत, त्यांना... त्यांना घराची ओढ लागलीच नाही.”

देवव्रत मान डोलावून म्हणाले, “मान्य.” त्यांच्या त्या मोठेपणानं रामनाथ आणखीच जळले.

त्यांनी संगीत पुन्हा सुरू केलं. पुढे खरं घर आलं तेव्हा कुणाचाही हात उठेना. सगळेच बिचकले होते. रामनाथांनी कधी चारचौघांत दाद दिली नव्हती. त्यांनी हात वर केला, थोडा उशिराच.

घरी येताना कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यापाशी मृणालिनीनं विचारलं,

“ती जागा ठाऊक होती ना तुम्हाला?”

“हो.”

“मग सांगितली का नाही आधी? कुणाला पकडायचं होतं?”

“तुला नव्हे.”

ती थबकली आणि त्यांच्याकडे बघून खुदकन हसली. “इश्श! या वयात, अहो?” मग लगेच म्हणाली, “पण कान आहे हं त्या माणसाला. बरोब्बर ओळखलं.”

रामनाथ झपझप पुढे चालू लागले.

घरी पोचल्यावर तिनं चहा टाकला, आणि तो उकळायच्या आत ती त्यांच्या खोलीत येऊन बसली. “लावा तो तुकडा. सा कुठे सरकतो ते तुम्ही दाखवा मला.”

तुम्ही, म्हणाली ती. रामनाथांनी घाईघाईनं चष्मा चढवला. बटणावर बोट गेलं आणि तिथंच थांबलं. हे शिकून पुढच्या शनिवारी ती कुणाला सांगणार?

“लावताय ना?” तिनं विचारलं.

त्यांनी लावलं. दार मात्र लोटलं नाही.