एकच फ्यूज उरला होता

धाकटी सून रागावली की भांडी आपटत नाही, स्क्रू काढायला घेते. त्या शनिवारी सकाळी तिने कपडे वाळवायच्या ड्रायरचा प्लग उपटला, ते धूड ओढून भिंतीपासून पुढे आणलं आणि त्याच्या मागे फतकल मारून बसली. बाईंचा पारा चढलाय हे घरात कोणाला सांगावं लागलं नाही.

राग थोरल्या दिरांच्या फोनचा होता. "आईची सोय बघून ठेवलीय," ते म्हणाले होते. "चांगलं शुश्रूषागृह आहे. उद्या दुपारी गाडी घेऊन येतो. तुमच्याकडे साधी चादर वाळत नाही, तिथे आईचे हाल कशाला?"

चादरीचं वाक्य तिला झोंबलं, कारण ते खरं होतं. खुब्याचं हाड मोडल्यापासून सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. चादरी, दुपटी, गाऊन, दिवसभर बदलाबदल चालायची. बाहेर हवा अशी कुंद, की ऊन कसं असतं ते विसरायला झालं होतं. दोरीवरची चादर दुसऱ्या दिवशीही हाताला गार लागायची. खुर्च्या, दारं, जिन्याचा कठडा, जिथे बघावं तिथे ओली कापडं लोंबत होती. दमट चादरीवर निजवलं तर पाठीला जखमा होतील, असं डॉक्टर बजावून गेले होते. नवा ड्रायर मागवला तर तो यायला पुढचा महिना उजाडणार होता.

आणि जुना? ड्रम मजेत गरगर फिरायचा, पण आत गरम हवेचा पत्ता नाही. मशीन फार तापलं की उडतो तो आतला फ्यूज मेकॅनिक येऊन बदलून गेला, तोही उडाला. परत आला, परत बदलला, तोही उडाला. तेव्हा त्याने हात टेकले. "ताई, आता हा भंगारात घाला," असं म्हणून निघाला. धाकटीने त्याच्या पिशवीतला आणखी एक फ्यूज मागून घेतला आणि ड्रॉवरमध्ये टाकून ठेवला. आता भिस्त होती ती त्या एका फ्यूजवर.

सासूबाईंची बॅग भरून खाटेशी ठेवलेली होती. सासूबाई बॅगेकडे पाहत नव्हत्या. "जाते गं मी," सकाळी त्या म्हणाल्या होत्या, "तुझेही कमी हाल होत नाहीत." म्हणताना भिंतीकडे तोंड करून झोपल्या होत्या. त्यांना जायचं नाही हे कळायला धाकटीला तेवढं पुरे होतं.

तिचा नवरा चहाचा कप घेऊन मागे येऊन उभा राहिला. "अगं, आहे ना फ्यूज? लावून टाक की. चालला तर चालला."

"आणि उडाला तर? दुसरा आणणार कुठून, तुमच्या खिशातून?"

"मग सरळ वायरीला वायर जोडून दे. फ्यूजची भानगडच नको."

धाकटीने मान वळवून त्याच्याकडे असं पाहिलं, की बिचारा चहा न पिताच एक पाऊल मागे सरकला. "अहो, घर पेटवायचंय का आईंसकट? तो फ्यूज आहे म्हणून आपण आहोत. जा, टॉर्च आणा."

हे तिला कोणी शाळेत शिकवलं नव्हतं. तिच्या वडिलांचं मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान होतं, आणि त्या दुकानाच्या फळीवर बसून ती लहानाची मोठी झाली होती. उडालेला फ्यूज घेऊन कोणी आलं की वडील आधी विचारायचे, तो उडाला कशाने? ते कळेपर्यंत नव्या फ्यूजला हात लावायचे नाहीत. गिऱ्हाईक कितीही घाईत असो. लग्नानंतर मात्र हे दुकान कुठेतरी हरवून गेलं. पाहुण्यांना ओळख करून देताना सासूबाई म्हणत, "हिचे वडील व्यवसायात होते." कसल्या व्यवसायात, ते कधी सांगत नसत. धाकटी मूग गिळून बसे. पण दर वेळी तिला ते लागायचं.

मागचा पत्रा निघाला. तिने मीटर लावून हवा तापवणारी कॉइल तपासली, कॉइल ठणठणीत. आतल्या जाळीवरचं कपड्यांचं तूस ती रोजच काढायची, तिथेही काही नव्हतं. मग तिला आठवलं, पहिला फ्यूज उडण्याच्या आधी कितीतरी दिवस कपडे वाळायला जास्त जास्त वेळ लागत होता. म्हणजे यंत्र गरम व्हायचं, पण ती गरम हवा बाहेर पडत नव्हती. आतल्या आत कोंडून मशीन तापणार, आणि मग फ्यूज उडणार नाही तर काय!

तिने मशीनमधली हवा बाहेर सोडणारी जाड नळी सोडवली आणि भिंतीतल्या भोकात टॉर्च मारला. पलीकडून उजेड दिसायला हवा होता. दिसला नाही.

"बाहेरून बंद आहे!" ती ओरडली आणि तशीच पदर खोचून मागच्या बोळात धावली. नवरा मागून, आणि खुर्चीत पेपर वाचत बसलेले सासरेही मागून निघाले. त्यांना सगळे अण्णा म्हणत. अण्णांची चाल नेहमीपेक्षा जरा जलद होती, पण ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

बोळात काटेरी कुंपणाची झाडं माजली होती. फांद्या बाजूला सारल्यावर भिंतीतून आलेलं पाइपाचं तोंड दिसलं, आणि त्या तोंडावर ताणून बसवलेला, दोऱ्याने करकचून बांधलेला एक लोकरीचा मोजा. तुसाने तो असा गच्च भरला होता, की उशीसारखा टम्म झाला होता. धाकटीने तो ओरबाडून काढला.

"कोणाचा हा उपद्व्याप?" नवरा म्हणाला.

धाकटीने मोजा पाहिला, निळ्या लोकरीचा, टाचेला राखाडी पट्टा असलेला. मग तिने अण्णांच्या पायांकडे पाहिलं. अण्णांनी पाय हळूच कुंपणामागे घेतले. एका पायात निळा मोजा होता, दुसऱ्यात भलताच तपकिरी.

"इथली झडप कधीच तुटून गेलीय," अण्णा पडेल आवाजात म्हणाले. "मशीन बंद असलं की या पाइपातून वारा शिरतो, थेट तुझ्या सासूच्या उशाशी. झोपेत पाय पोटाशी घेऊन कुडकुडते ती. सांगत नाही कधी. म्हणून मी... मशीनचं असं होईल हे मला काय ठाऊक!" त्यांचा चेहरा एवढासा झाला. "माझ्यामुळे तिला घालवायची वेळ आली की गं."

धाकटीचा सकाळपासूनचा राग कुठल्या कुठे गेला. "अण्णा," ती म्हणाली, "वारा अडवायचा, हे तुमचं बरोबरच होतं. फक्त आतून येणारी हवा जाऊ द्यायची आणि बाहेरची येऊ द्यायची नाही. चला, झडप करू. बिस्किटांचा रिकामा डबा आहे का?"

अण्णांच्या अंगात जीव आला. डब्याचा पातळ पत्रा त्यांनी कात्रीने गोल कापला, कडा घासून गुळगुळीत केल्या. धाकटीने तो वरच्या बाजूने तारेच्या कड्यांवर टांगला. बोटाने ढकलला की अलगद बाहेर उघडे, सोडला की आपल्याच वजनाने टप्पकन मिटे. नवऱ्याने काठीला फडकं बांधून सगळा पाइप आरपार पुसून काढला आणि तो तुसाने माखून कुंपणातून बाहेर आला तेव्हा त्याला ओळखायला वेळ लागला.

मग धाकटीने ड्रॉवरमधून फ्यूज काढला. तो जपून जागेवर बसवला. पत्रा बसवला, नळी जोडली, प्लग लावला, धुतलेली चादर आत घातली. ड्रम फिरू लागला. बोळातून अण्णांची आरोळी आली, "उघडली! झडप उघडली! वाफ येतेय गरमागरम!" धाकटी मात्र यंत्रासमोरून हलली नाही. चादर पूर्ण वाळून मशीन आपणहून थांबलं, तिने परत एक खेप लावली, तीही वाळली. फ्यूज जागच्या जागी होता. तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

ती गरम चादर घेऊन सासूबाईंकडे गेली आणि त्यांच्या पायांवर पसरली. सासूबाईंनी डोळे मिटले. उघडले तेव्हा मागोमाग आलेल्या अण्णांच्या हातात तो मोजा होता, आणि सासूबाईंनी स्वतःची वीण लगेच ओळखली.

"हा मोजा हरवला म्हणत होतात ना? कुठे सापडला?"

अण्णांनी सांगितलं, अडखळत, खाली मान घालून. सासूबाई म्हणाल्या, "मला थंडी वाजते हे तुम्हाला कळत होतं होय!" आणि चादरीचं टोक त्यांनी डोळ्यांना लावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी थोरले दीर आले. गाडी दाराशीच, परत जायला तोंड वळवून उभी केलेली. आत आले ते थेट बॅगेकडे वाकले.

"बॅग राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "आधी इथे हात लाव."

त्यांनी चादरीला हात लावला. कोरडी, नुकतीच काढलेली, ऊबदार. पलीकडे ड्रायर घरघरत होता.

"नवा घेतलात?" त्यांनी विचारलं. "की तो मेकॅनिक परत आला होता?"

"कशाला येतोय तो! त्याने तर भंगारात काढला होता." सासूबाई कोपरावर भार देऊन उठायला लागल्या. धाकटी धावली, तर तिचाच हात त्यांनी घट्ट धरून ठेवला. दारात दोन शेजारणी डोकावत होत्या. सासूबाईंनी त्यांनाही ऐकू जाईल असा आवाज लावला. "माझ्या सुनेने केला! मिक्सर-पंखे दुरुस्त करणाऱ्याची लेक आहे ती. दुकान होतं तिच्या वडिलांचं, दुरुस्तीचं दुकान. आमच्या घरात अशी सून आहे, समजलं? मी कुठेही जात नाही."

थोरल्या दिरांनी बॅग उचलली आणि कपाटावर ठेवून दिली. तेवढ्यात ड्रायर थांबला, आणि धाकटी ताठ मानेने पुढची चादर काढायला गेली.