कठड्याला बांधलेला पहारेकरी

मित्रांनो, मी एक जुना पहारेकरी आहे. खरं सांगायचं तर पहारेकऱ्यासारखा दिसणारा आहे. पण नुसत्या दिसण्यावर भागतं अशा नोकऱ्या जगात पुष्कळ असतात, त्यामुळे मी ते फारसं मनाला लावून घेत नाही.

माझा जन्म एका मालवाहू जहाजाच्या वर्कशॉपमध्ये झाला. जहाजात गहू भरला होता. जहाज भरलं की ते पाण्यात खोल बसतं, जेवून उठलेल्या माणसासारखं सावकाश चालतं आणि त्याचा मागचा कठडा समुद्राच्या अगदी जवळ येतो. आमच्या वाटेवर समुद्राचा एक असा पट्टा होता, जिथे चाचे येतात. चाचे म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर डोळ्यावर पट्टी आणि खांद्यावर पोपट आला असेल. तसं काही नसतं. हे चाचे साध्या शर्टात येतात, वेगवान होडीतून येतात, सोबत एक लांब शिडी आणि दोन-तीन बंदुका आणतात. पोपट पाळायला त्यांना सवड नसते.

आमच्या जहाजावर बंदूक नव्हती. काटेरी तार होती, पाण्याचा जोरदार फवारा मारणाऱ्या जाड नळ्या होत्या आणि बावीस माणसं होती. कप्तानाला बावीस कमी वाटली. त्याने हुकूम सोडला, "कठड्याला पाच बुजगावणी उभी करा. लांबून पाहणाऱ्याला पहारा दिसला पाहिजे."

त्या पाचांतला मी एक. शेतातल्या बुजगावण्याला निदान पाखरं तरी भेटतात.

मला मिस्त्रीने बनवलं. मिस्त्री म्हणजे जहाजावरचा फिटर. पन्नाशी उलटलेला, अबोल माणूस. गंजक्या पाइपाचा त्याने माझा कणा केला. पोटात इंजिन पुसायच्या चिंध्या भरल्या. डोकं म्हणून रंगाचा रिकामा डबा बसवला आणि हातात काळा रंग फासलेला पाइपचा तुकडा दिला, तो बंदूक म्हणून. कपड्यांचं मात्र अडलं. स्टोअरवाल्याकडे बुजगावण्यांसाठी कपडे देण्याचा नियम नव्हता. बाकीच्या चौघांना फाटके रेनकोट मिळाले. मिस्त्रीने मला स्वतःचा गुडघ्यावर फाटलेला बॉयलर सूट, म्हणजे कामाचा अंगभर पोशाख, घातला. जहाजावर धुण्यात कपड्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येकाच्या पाठीवर त्याचं नाव रंगवलेलं असतं. अशा रीतीने मिस्त्रीचं नाव माझ्या पाठीवर आलं, मुलाला बापाचं लागतं तसं.

मला जहाजाच्या अगदी मागच्या टोकाला, कठड्याशी दोरीने घट्ट बांधलं. समोर पाणी. पाठीमागे सहा पावलांवर वर्कशॉपचं दार, त्याच्या वर एक कॅमेरा आणि त्याच्याही वर धुराडं, ज्याची काजळी माझ्या डोक्यावर पडायची. बाकीचे चौघे दूरदूर बांधलेले. आमच्या सगळ्यांची तोंडं समुद्राकडे. भावंडं असूनही आम्ही एकमेकांना कधी पाहिलेलं नाही. जहाजावर एवढी माणसं होती, पण मागच्या टोकाला कामाशिवाय कोणी येत नसे.

फक्त मिस्त्री यायचा. रोज दुपारी चहाचा मग घेऊन माझ्या शेजारी कठड्याला रेलून उभा राहायचा. बोलायचा नाही. बंदर जवळ आलं आणि फोन लागला की त्याची लेक विचारायची, "बाबा, जेवलात का?" तो "हो" म्हणायचा. मग दोघंही फोन चालू आहे का ते ऐकत बसायचे. लांबून पाहणाऱ्याला आम्ही दोघं सारखेच दिसत असू. जवळून पाहायला कोणी आलं नव्हतं.

मिस्त्री पूर्वी इतका गप्प नव्हता म्हणे. त्याचं आणि सारंगाचं बिनसलं होतं. सारंग म्हणजे सगळ्या खलाशांचा मुकादम. आवाज मोठा, जीभ त्याहून मोठी. मिस्त्रीने शिडीची एक पायरी जोडली होती. जेवणाच्या खोलीत, सगळ्यांसमोर, सारंग म्हणाला, "मिस्त्री, ते वेल्डिंग आहे की शेणाने सारवलंय?" सगळे हसले. मिस्त्रीने ताट उचललं, धुऊन ठेवलं आणि निघून गेला. त्यानंतर दोन महिने दोघांचं बोलणं बंद. कामाचे निरोप आचाऱ्यामार्फत जायचे.

"त्यांना सांगा, पुढच्या पंपाचा नट ढिला झालाय," हा सारंगाचा निरोप.

"त्यांना म्हणावं, या जहाजावर काय काय ढिलं आहे ते आम्हाला ठाऊक आहे," हे मिस्त्रीचं उत्तर.

आचारी वैतागून म्हणायचा, "मी स्वयंपाकाला आलोय की टपाल वाटायला?" तो हे गाऱ्हाणं भाज्यांची सालं टाकायला आल्यावर माझ्यापाशी करायचा. मी ऐकून घेत असे. दुसरं काही येत नसल्यामुळे माझी श्रोता म्हणून ख्याती होती.

आणि मग तो दिवस आला.

दुपारची जेवणं नुकतीच उरकली होती. एकाएकी भोंगा वाजला. चाचे आले तर काय करायचं, हे ठरलेलं होतं: नळ्या सुरू करायच्या आणि सगळ्यांनी खाली सुकाणूच्या यंत्राच्या खोलीत जायचं. तिला सगळे तळघर म्हणत. तिचं पोलादी दार आतून लावलं की बाहेरून उघडत नाही. आत माणसं सुरक्षित असली की चाचे जहाज नीट पळवूही शकत नाहीत. धावणाऱ्या पावलांचा आवाज झाला आणि थांबला. मला कोणी बोलावलं नाही. बोलावलं असतं तरी दोरी होतीच.

होडी आली. पाच जण होते. त्यांनी लांबून एक फेरी मारली, आम्हाला निरखलं. मग त्यांच्यातल्या एकाने मला नेम धरून गोळी घातली. ती पोटातून आरपार गेली आणि थोड्या चिंध्या बाहेर आल्या. मी उभाच राहिलो. ते हसू लागले. मी काय आहे, हे त्यांना कळलं होतं. त्यांनी शिडी उभी केली.

तळघरात तेव्हा काय चाललं होतं, ते आचाऱ्याने मला नंतर सांगितलं. कप्तानाने डोकी मोजली. एकवीस. मिस्त्री नव्हता. तळघरात मागच्या कॅमेऱ्याचा एक छोटा पडदा होता. त्यात कठड्याशी एक पाठ दिसत होती आणि पाठीवर मिस्त्रीचं नाव.

"वेडा झालाय का हा? पळत का नाही?" कप्तान म्हणाला.

"घाबरून थिजलाय साहेब," कोणीतरी म्हणालं.

तिथे बुजगावणं बांधलेलं आहे, हे त्या एकवीसही जणांना माहीत होतं. पण घाबरलेला माणूस नाव वाचतो, चेहरा बघत नाही. शिवाय मिस्त्री रोज दुपारी तिथेच उभा असायचा, आणि तोही माझ्यासारखाच, न हलता.

कप्तान म्हणाला, "दार एकदा लावलं की लावलं. एकासाठी एकवीस जणांचा जीव धोक्यात घालता येणार नाही."

सारंग उठला. "मी जातो. माझ्यामागे दार लावून घ्या. आम्ही आलो नाही तर उघडू नका."

तो रांगत माझ्यापर्यंत आला. कठड्याच्या आडोशाला बसून त्याने मागून माझी बाही धरली आणि गदागदा हलवली. "चल, गाढवा. मरायचंय का? लेक वाट बघत असेल तुझी." मी हललो नाही. मग त्याचा आवाज एकदम खाली आला. इतका खाली येऊ शकतो, हे मला माहीत नव्हतं. "हे बघ, त्या दिवशी चुकलं माझं. सगळ्यांसमोर बोलायला नको होतं. तुझ्यासारखा जोड दुसरा कोणी घालत नाही, मला माहितीये. माफ कर बाबा. आता चल."

त्याने मला ओढून स्वतःकडे वळवलं. माझा बंदुकीचा हात वर उडाला आणि त्याला समोर रंगाचा डबा दिसला.

आमची ती पहिली नजरानजर. तो जे बोलला ते तुमच्यासाठी लिहिण्यासारखं नाही.

खाली होडीत मात्र गोंधळ उडाला. पोटात गोळी खाऊन उभा असलेला पहारेकरी आता वळला होता आणि बंदूक उगारत होता. शिडी धरलेल्याने शिडी सोडली. होडी गर्रकन बाजूला झाली.

त्या क्षणभराच्या शांततेत सारंगाला मागून घरघर ऐकू आली. वर्कशॉपमध्ये ग्राइंडर चालू होता. कानांवर आवाज अडवणारी टोपणं चढवून, दाराकडे पाठ करून, मिस्त्री आपला लोखंड घासत बसला होता. सारंगाने त्याचं एक टोपण उचललं.

"चल."

"कुठे?"

"तळघरात. चाचे आलेत."

"मग आधी सांगायचं नाही?"

"दोन महिने बोलत कोण नाहीये?"

दोघं वाकून धावत गेले. दार उघडलं, लागलं. चाच्यांनी आणखी दोनदा दुसऱ्या बाजूने प्रयत्न केला. तार आणि पाण्याच्या फवाऱ्यापुढे कंटाळून ते अर्ध्या तासाने निघून गेले. अहवालात सगळं श्रेय पाण्याच्या नळ्यांना मिळालं. नळ्यांनी ते नम्रपणे स्वीकारलं.

दुसऱ्या दिवशी कप्तानाचा नवा हुकूम आला: बुजगावण्यांच्या अंगावर नाव नको. सारंग स्वतः ब्रश घेऊन आला आणि त्याने माझ्या पाठीवर काळा पट्टा मारला. पोटाला मिस्त्रीने टाके घातले. ते दोघं एकाच वेळी माझ्यापाशी होते. मी वाट पाहत होतो. सारंग म्हणाला, "दोरा काळा घ्यायचा होता." मिस्त्री म्हणाला, "हो."

पुढच्या बंदरात मिस्त्रीची मुदत संपली. तो घरी निघाला, तेव्हा सारंगाने त्याची बॅग शिडीपर्यंत नेली.

"पोचलास की कळव."

"कोणाला? आचाऱ्याला?"

"त्यालाच कळव."

दोघं हसले. मिस्त्री उतरून गेला. तो परत या जहाजावर आला नाही. काही वर्षांनी सारंगही गेला. जाण्यापूर्वी एकदा तो एकटाच मागे आला, कठड्याला रेलून उभा राहिला आणि माझ्याकडे एकदा बघून परतला. त्याला जे सांगायचं होतं ते त्याने मला आधीच सांगितलेलं होतं.

आता मी पार विटलोय. माझ्या भावंडांपैकी दोघांना वादळाने नेलं, दोघांना अडगळीच्या खोलीने. नवे खलाशी माझ्या बंदुकीवर ओली फडकी वाळत घालतात. माझी त्याला हरकत नाही.

मित्रांनो, मला वेळेवर रंग लावा, ऊन लागू देऊ नका, असं मी सांगणार नाही. माझं एवढंच मागणं आहे. कोणाची माफी मागायची असेल तर ज्याची मागायची त्याचीच मागा, आणि आधी त्याच्या समोर जाऊन तो तोच आहे ना, हे नीट बघून घ्या. माझ्यासाठी म्हणून आजवर कोणी धावून आलेलं नाही. एकदा एक माणूस जिवावर उदार होऊन आला, त्याने माझ्या बाहीला धरून माफी मागितली, आणि ती माझी नव्हती. ज्याची होती तो कुठे राहतो, मला ठाऊक नाही. मला तोंड नाही, पाय नाहीत. ती मी अजून सांभाळतो आहे.