उन्हातला स्वेटर

डोळे मिटून जरा बघा. मे महिन्याचं ऊन, दिघाशी गावातलं एक अंगण, खाटेवर वाळत घातलेले तांदळाचे पापड आणि शेजारी स्वेटर घालून बसलेली एक बाई. राखण करता करता तिचा डोळा लागलाय, आणि शेळी पापड खातेय.

ती हेमाली. तिची सासू राहीबाई शेळीला हाकलत आली.

"कुंभकर्णाची बहीण हाय आमची सून. खाते, झोपते न् फुगते."

शेजारणी हसल्या. हेमालीची लेक निशाही हसली. मग तिने आईकडे पाहिलं. आईही हसत होती, ओशाळून. आपण आळशी आहोत हे जणू तिलाही पटलं होतं.

पुढे हेमालीचा आवाजही बसला, तेव्हा तिघी अंबाडी गावच्या दवाखान्यात गेल्या. रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टरबाईंनी निशाचं बोट तिच्याच गळ्यावर टेकवलं आणि समजावलं. इथे थायरॉइड नावाची ग्रंथी असते, तिचा रस अंगाला चालतं ठेवतो. चुलीत जळण कमी पडलं की भात शिजता शिजत नाही, तसं आईचं झालंय. म्हणून थंडी, सूज, झोप. हा आळस नव्हे. रोज सकाळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर गोळी घ्यायची, चहा तासाभराने. बरं वाटेल, पण हळूहळू.

राहीबाईने पदर सारखा केला.

"हे पूर्वीबी व्हायचं?"

"व्हायचं. कळायचं नाही."

रिक्षा परत निघाली. गाव जवळ आलं तेव्हा राहीबाई बोलली.

"माझी लेक हौसा, तीबी अशीच आलेली सासरहून. उन्हाळ्यात गोधडी घेऊन बसायची. मीच परत धाडली तिला. म्हटलं, आळस टाक, मग तोंड दाखव."

निशाने हौसाआत्याला फक्त भिंतीवरच्या, हार घातलेल्या फोटोत पाहिलं होतं.

त्या घरात सकाळचा पहिला चहा सासू-सून एकत्र प्यायच्या. त्याआधी सून तोंडात पाणीही घेत नसे. दुसऱ्या दिवशी हेमालीने चहा गाळला, आणि सवयीने गोळी आपल्या कपाशेजारी ठेवली. राहीबाईने तो कप उचलून आपल्या कपाजवळ ठेवला आणि सुनेपुढे पाण्याचा तांब्या सरकवला. हेमालीने गोळी घेतली.

राहीबाईने मात्र चहाला हात लावला नाही. ती हौसाच्या फोटोखाली, भिंतीला पाठ लावून बसून राहिली.

निशाने दोन्ही कपांवर तासाभरासाठी बशा झाकल्या आणि आजीला टेकून बसली.